माशाच्या पिलाचा पहिला घास

मृगाचा पहिला दांडगा पाऊस शाहूवाडीच्या डोंगरात उतरला की दोन गोष्टी एकदम होतात. कडवी आणि कासारीचे पाणी तांबडे होते, आणि गावातली पोरेसोरे बुट्ट्या अन् जाळी घेऊन ओढ्याकडे धावतात. चढण लागलेली असते! नदीतला मासा उलट्या धारेने वर चढतो, ओघळीतून, बांधाच्या मुसंडीतून थेट भाताच्या खाचरात शिरतो. मरळ, वाम, शिंगटी आणि खवल्यांच्या कितीतरी बारीकसारीक जाती. आंबा, विशाळगड, येळवण जुगाईच्या बाजूला हा सोहळा पाहिला नाही असा माणूस विरळा.

मासा वर का चढतो, असे एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला विचारा. तो म्हणेल, ‘अरं बाबा, अंडी घालाय चढतोय त्यो.’ उत्तर बरोबर आहे. पण वाचकहो, यापुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अंडी घालायला भली मोठी नदी सोडून हा मासा वीतभर पाण्याच्या खाचरात कशासाठी येतो? आणि त्या अंड्यांतून निघालेले पिलू, जे सुतळीच्या तंतूएवढेही जाड नसते, ते पहिल्या दिवशी खाते तरी काय?

प्रश्न लहानसा दिसतो. पण या एका प्रश्नापाशी जगातली मत्स्यशेती कितीतरी वर्षे अडून बसली होती. त्या अडून बसण्याची आणि सुटण्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

मासे पाळणे आपल्याला नवे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरणच आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक, तेव्हा हा ग्रंथ आपल्या मुलखाच्या शेजारचाच म्हणायचा. माशांच्या जाती कोणत्या, त्या कुठे राहतात, त्यांना काय चारावे, गळाला कसे लावावे, हे सारे त्यात आले आहे. चारावयाचे ते मात्र वाढलेल्या माशाला. पिलाच्या पहिल्या घासाची चिंता त्या काळी कुणाला पडण्याचे कारणच नव्हते. पिले नदी देत होती, आणि त्यांना खाऊ घालणे हेही नदीचेच काम होते.

ही स्थिती थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. कटला, रोहू, मृगळ हे आपले मोठे तळ्यातले मासे तळ्यात वाढतात, पण बंद पाण्यात वीत नाहीत. म्हणून बंगालमध्ये पुराच्या दिवसांत नदीकाठी बारीक विणीची जाळी लावून बीज धरीत, ते मातीच्या हंड्यांत भरीत आणि हावड्याहून रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांना पाठवीत. हंडी हलवीत बसणारा माणूस बरोबर असे, कारण पाणी हलले नाही तर बीज गुदमरे. शिवाय त्या हंडीत रोहूबरोबर रोहूचा वैरीही आला की काय, हे बीज वाढेपर्यंत कळत नसे.

मग १९५७ साल उजाडले. त्या वर्षी १० जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि बंद पाण्यात त्याची वीण घडवून आणली. १० जुलै हा दिवस आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याचसाठी. नदीची किल्ली माणसाच्या हाती आली. लाखो अंडी माणसाच्या देखत फुटू लागली.

पण आई झाली म्हणजे दूध आलेच असे नाही, तशातली गत. अंडी फुटली, आता पिलांना चारा कोण?

कटला-रोहूचे अंडे साधारण चौदा ते अठरा तासांत फुटते. बाहेर पडलेल्या पिलाच्या पोटाला पिवळ्या बलकाची एक पिशवी असते. ती त्याची शिदोरी. ती सुमारे तीन दिवस पुरते. तेवढ्यात पिलाला तोंड फुटते, डोळे उघडतात, ते सहा-सात मिलिमीटर लांब होते. आपल्या मत्स्यपालकांनी त्याला ‘जिरे’ हे अगदी चपखल नाव दिले आहे. शिदोरी संपली की या जिऱ्याला लगेच घास मिळाला पाहिजे. एक-दोन दिवसांचा उशीर झाला तर ते इतके अशक्त होते की पुढे अन्न समोर आले तरी त्याला धरता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढे? पीठ टाकावे, पेंड टाकावी. वाढत्या माशाला ते चालते. जिऱ्याचे तसे नाही. एक तर त्याचे तोंड इतके बारीक की पेंडीचा कण त्याला धोंड्यासारखा. दुसरे, त्याचे डोळे हलणाऱ्या वस्तूवर ठरतात. मेलेला कण तळाला बसतो, तो त्याला दिसतच नाही. तिसरे, त्याचे आतडे म्हणजे साधी सरळ नळी, तिच्यात पाचक रस पुरेसे उतरलेले नसतात. आणि चौथे, न खाल्लेले पीठ पाण्यात कुजते आणि पाणी नासते. याउलट जिवंत भक्ष्य पाण्यात तरंगते, हलते, पिलाला खुणावते, मऊ असते आणि खाल्ले गेले नाही तर जिवंतच राहते. तेव्हा माशाचे पिलू जगवावयाचे तर आधी त्याच्या घासाची शेती करावयाची, हा या धंद्यातला पहिला धडा.

हा धडा माणसाने फार किंमत देऊन घेतला. नॉर्वेचे उदाहरण बघा. तेथे फ्लोडेविगन या गावी कॉड माशाची अंडी उबवण्याचे केंद्र १८८० नंतरच्या दशकात सुरू झाले. अंडी उबत, कोट्यवधी पिले निघत. पण त्यांना चारावे काय, हे कुणाला ठाऊक नव्हते. मग बलकाची पिशवी पोटाशी असतानाच ती समुद्रात सोडून देत. आपण समुद्राची शेती करतो आहोत, ही त्यांची प्रामाणिक समजूत. हे काम १९७१ पर्यंत चालले. इतकी पिले सोडून समुद्रातला कॉड वाढला, असे मात्र कधी ठामपणे दाखवता आले नाही. भुकेल्या लेकराला परक्या दारात नेऊन बसवावे, तसाच हा प्रकार झाला.

उलगडा झाला तो तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून. पहिले ठिकाण मिठागर. अतिखारट पाण्यात आर्टिमिया नावाचा एक नाजूक, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव राहतो. पाणी फार खारट झाले की तो सुकी अंडी घालतो. दिसायला ती नाचणीच्या पिठासारखी तपकिरी. ती वर्षानुवर्षे डब्यात ठेवा, काही होत नाही. खाऱ्या पाण्यात घालून खालून हवेचे बुडबुडे सोडा आणि उजेड द्या, की चोवीस तासांच्या आत-बाहेर अर्ध्या मिलिमीटरची जिवंत पिले वळवळू लागतात. एका ग्रॅम अंड्यांत दोन ते तीन लाख पिले! अमेरिकेतल्या अल्विन सील याने १९३३ मध्ये आणि नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन याने १९३९ मध्ये, ही पिले माशांच्या पिलांना उत्तम मानवतात, असे दाखवून दिले. डब्यात ठेवता येते आणि हवे तेव्हा जिवंत होते, असे हे खाद्य.

दुसरे ठिकाण जपान. तेथे मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३४ मध्ये कुरुमा कोळंबीची वीण बंदिस्त जागी घडवली. कोळंबीच्या पिलाची तऱ्हा आणखी न्यारी. ते रूपे बदलत वाढते, आणि रूप बदलले की जेवण बदलते. आधी शिदोरीवर, मग सूक्ष्म वनस्पतींवर, मग सूक्ष्म प्राण्यांवर. पाण्यातले डायटम म्हणजे काचेच्या कवचाचे एकपेशीय शेवाळ मुद्दाम वाढवून त्यांनी ही पिले जगवली. आज जगभर चाललेल्या कोळंबी संवर्धनाचा पाया तो.

तिसरी गोष्टही जपानचीच, आणि मोठी गमतीची. तेथे ईल माशांच्या तळ्यातले हिरवे पाणी कधी कधी एकाएकी निवळे आणि मासे गुदमरू लागत. शोध घेता कळले, की रोटिफर नावाचे, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढे जीव पाण्यातले सारे शेवाळ फस्त करीत होते. तळेवाल्यांनी त्यांना वैरी ठरवले. पण ताकाशी इतो या शास्त्रज्ञाने विचार केला, हा एवढा भराभर वाढतो, तर पिलांच्या तोंडी का देऊ नये? १९६० मध्ये त्याने रोटिफर मुद्दाम वाढवून दाखवला. रोटिफरची मादी नराविना अंडी घालते, आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात वीसेक पिले देते, आणि ती पिले दीड-दोन दिवसांत स्वतः अंड्यावर येतात. ज्या समुद्री माशांच्या पिलांना आर्टिमियाही मोठा पडे, त्यांचा पहिला घास सापडला. कालचा वैरी आज दाई झाला!

आपल्याकडे जिला जंबो कोळंबी म्हणतात, तिची कथाही याच काळातली. ही मोठी कोळंबी गोड्या पाण्यात राहते, म्हणून तिची पिलेही गोड्या पाण्यातच ठेवीत, आणि ती पटापट मरत. मलायातल्या पेनांग येथे शाओ-वेन लिंग यांनी सगळे उपाय करून पाहिले. सांगतात की शेवटी वैतागून त्यांनी जेवणातला खारट सोया सॉस पाण्यात टाकला, आणि पिले तरतरीत झाली. या पिलांना मचूळ पाणी लागते, हे असे कळले. ही गोष्ट १९६१-६२ ची. पुढे हवाई बेटांत ताकुजी फुजिमुरा यांनी हिरवे पाणी आणि आर्टिमिया यांच्या जोरावर त्यांचे मोठ्या प्रमाणावर बीजोत्पादन केले.

मागणी वाढली की वाण पडतेच. १९७० नंतरच्या दशकात आर्टिमियाच्या डब्यांचे भाव भडकले. कारण अंडी यावयाची मुख्यत्वे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मिठागरांतून आणि युटाच्या खाऱ्या सरोवरातून. तेव्हा बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचे पॅट्रिक सॉर्गेलूस यांनी सांगितले, की मिठागरे तर साऱ्या उष्ण देशांत आहेत, तेथे आर्टिमिया पेरा. १९७८ मध्ये गेंटला आर्टिमियाच्या अभ्यासाचे केंद्रच उघडले. ब्राझील, थायलंड, व्हिएतनाम येथल्या मिठागरांत हे पीक आले. व्हिएतनामच्या आगरी माणसाला मिठाच्या जोडीला दुसरे उत्पन्न मिळाले.

आणि आपण? मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरात आर्टिमिया आहे, ही नोंद १९५३ सालीच प्रसिद्ध झाली होती. म्हणजे वस्तू घरात होती. पण आपल्या कोळंबी-केंद्रांत बहुतेक परदेशी डबेच फुटत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

अर्थात महाराष्ट्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. आंबा घाट उतरून साखरपा-हातखंबा करीत गेले की रत्नागिरी. तेथे शिरगावला १९८१ मध्ये कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आले. पण मला विशेष सांगावयाचे आहे ते लोणावळ्याविषयी, कारण त्याचा धागा आपल्या नद्यांशी जुळतो.

सह्याद्रीच्या नद्यांतला राजा म्हणजे महाशीर, आपला खडशी मासा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि इथल्या लोकांच्या तोंडचे नावच ‘खुद्री’ असे करून लॅटिन कागदावर चढवले. धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारणे सुरू झाले, आणि हा मासा ओसरू लागला. तेव्हा १९७० च्या सुमारास टाटांच्या वळवण तलावाकाठी त्याच्या बीजोत्पादनाला हात घातला गेला. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्या कामातली नावे. महाशीरची अंडी मोजकी, पण मोठी आणि बलकाने भरलेली. त्याची पिले शिदोरीवर बरेच दिवस काढतात, कोपऱ्यात डोके खुपसून पडून राहतात. मग त्यांनाही घास लागतोच. लोणावळ्याचे बीज अनेक राज्यांना गेले. मात्र पुढे असेही दिसले, की कावेरीत सोडलेला हा दख्खनी पाहुणा तेथल्या मूळच्या कुबडी महाशीरला भारी पडला. तेव्हा पिले जगवता येणे ही जशी विद्या, तशी कोणते पिलू कोणत्या पाण्यात सोडावे, हीही विद्याच.

असो. आता आपल्या बांधावर येऊ. गेळवडे, निनाई परळे येथल्या धरणांच्या पाण्यात किंवा गावतळ्यात बीज सोडणाऱ्या मंडळींना या इतिहासाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. रोहू-कटल्याच्या जिऱ्याला ना परदेशी डबा लागतो, ना प्रयोगशाळा. त्याचा घास शेणातून उगवतो. शेतकऱ्याला वाफसा कळतो. जमीन फार ओली नको, फार कोरडी नको, नेमक्या वेळी पेरा. वाचकहो, पाण्यालाही असाच वाफसा असतो.

संगोपनाचे लहान तळे आटवून स्वच्छ करावे. पाणी घेताना ते बारीक जाळीतून गाळून घ्यावे, म्हणजे खाऊ मासा आत येत नाही. मग हेक्टरी दहा टन, म्हणजे गुंठ्याला साधारण शंभर किलो या हिशेबाने शेणखत घालावे. प्रथम कुजण्याचे सूक्ष्म जंतू वाढतात, पाठोपाठ पाणी हिरवट होते, म्हणजे शेवाळ आले. आठवड्याच्या आत-बाहेर रोटिफर येतात. त्यांच्यामागून येतात पाणपिसवा, म्हणजे मोइना आणि डॅफ्निया. या झटके देत पोहतात, म्हणून त्यांना पिसू म्हणायचे. सर्वांत शेवटी सायक्लॉप्ससारखे चपळ जीव. जिरे सोडावयाचे ते रोटिफर आणि मोइना यांचा बहर असताना. सुमारे दोन आठवड्यांनी ही वेळ येते. फार आधी सोडले तर ताट रिकामे. फार उशिरा सोडले तर ताटातले अन्नच पिलापेक्षा दांडगे.

वेळ ओळखावी कशी? पन्नास लिटर पाणी बारीक कापडाच्या पिशवीतून गाळा. पिशवीत उरलेले अरुंद नळीत घेऊन चिमूटभर मीठ टाका. तळाशी एक-दोन मिलिलिटर साका बसला की पान वाढले म्हणून समजा. याला पैसा पडत नाही, नजर लागते.

आणखी एक पथ्य. पाण्यात पाठीवर पोहणारे पाणकिडे असतात, ते जिऱ्याला टोचून शोषतात. बीज सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, हेक्टरी छप्पन किलो स्वस्त तेल आणि अठरा किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरण्याची जुनी रीत आहे. गुंठ्याला ते साडेपाचशे ग्रॅम तेल आणि पावणेदोनशे ग्रॅम साबण होईल. तवंगामुळे या किड्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही. हे एवढे सांभाळले तर पुष्कळ जिरे अर्धबोटुकलीपर्यंत पोचते, आणि तिची पुढे बोटुकली होते. न सांभाळले तर विकत घेतलेले बीज चार दिवसांत दिसेनासे होते, आणि आपण म्हणतो, ‘बीजच खोटं निघालं.’ बीज खोटे नसते. त्याला घासच मिळालेला नसतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. मासा खाचरात का चढतो, याचे उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. खाचर हे निसर्गाचे संगोपन तळे आहे. उन्हाळाभर तापलेल्या मातीत पाणपिसवांची, रोटिफरांची सुकी अंडी निजलेली असतात. धुळीत वाळलेले रोटिफर पाण्यात टाकताच जिवंत होतात, हे हॉलंडच्या लेवेनहुकने १७०२ मध्येच पाहिले होते. आपल्या सड्यांवरच्या खडकात पावसाळी डबकी साचतात ना, त्यांतही आर्टिमियाचे गोड्या पाण्यातले भाऊबंद असतात. त्यांतल्या एका जातीला तर २०१४ मध्ये सह्याद्रीवरूनच ‘सह्याद्रीयेन्सिस’ असे नाव मिळाले. मृग पडतो, शेणखत भिजते, माती जागी होते, आणि दोन आठवड्यांत वीतभर पाण्यात लाखो घास तरंगू लागतात. पाणी उथळ आणि उबदार, मोठे शत्रू कमी. बाळंतपणाला माहेर असावे, तसे हे खाचर.

या सूक्ष्म जीवांची आपल्या लोकांना एक ओळख पूर्वी होती, पण ती भीतीची. विहिरीच्या पाण्यातल्या सायक्लॉप्समुळे नारू होई. आया-बाया दुहेरी फडक्यातून पाणी गाळून तो अडवीत. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पिण्याच्या पाण्यात जो नको, तोच माशाच्या पिलाला हवा. ज्या फडक्याने आपण त्याला अडवला, तशाच फडक्याने मत्स्यपालक त्याला गोळा करतो.

पण आज या माहेराला दोन बाजूंनी धोका आहे. एक, चढणीला पोटुशी माशांची अख्खी रांगच बुट्टीत जाते. खाऊ नका असे कोण म्हणेल? पण ओघळ आडवी-उभी बंद करून सगळेच धरू नये. निम्मी वाट मोकळी ठेवावी. दुसरा धोका न दिसणारा. पिकावर मारलेले कीटकनाशक पाण्याबरोबर खाचरात आणि ओढ्यात उतरते. पाणपिसू त्याला सर्वांत आधी बळी पडते. इतकी नाजूक, की पाण्यात विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळांत डॅफ्नियाच वापरतात. मासा मेला तर पाठ वर करून तरंगतो, चार माणसे पाहतात, बोभाटा होतो. पाणपिसू मेली तर कुणाला कळत नाही. फक्त त्या वर्षी अंडी फुटतात, पिले डोळे उघडतात, आणि ताट रिकामे असते. ‘नदीतला मासा कुठं गेला?’ असे पुढे आपण विचारतो, त्याचे एक उत्तर इथे आहे.

या पावसाळ्यात एक करून बघा. लावणीनंतर आठ-पंधरा दिवसांनी काचेच्या पेल्यात खाचराचे पाणी घ्या आणि सूर्याकडे धरा. पांढुरके ठिपके झटके देत हिंडताना दिसले, तर पोरांना बोलावून दाखवा. सांगा, की हा माशाच्या बाळाचा घास आहे. आणि पेला स्वच्छ, निर्जीव दिसला, तर बांधावर बसून जरा विचार करा, की यंदा आपण पाण्यात काय सोडले.